सातारचा दावा आणि लंडनचे चार दिवस

इ. स. १८४० मध्ये सातारच्या पदच्युत छत्रपतींची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते हे वकील लंडनला पोहोचले, तेव्हा आज जिच्यासमोर उभे राहून आपले प्रवासी छायाचित्रे काढतात ती पार्लमेंटची भव्य वास्तू अस्तित्वातच नव्हती. १८३४ च्या आगीत वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतांशी भस्मसात झाला होता आणि नव्या इमारतीच्या पायाचा दगड १८४० च्या एप्रिलमध्ये नुकता बसत होता. पुढे १८४७ मध्ये उमरावांचे आणि १८५२ मध्ये लोकप्रतिनिधींचे सभागृह वापरात आले. १८४३ मध्ये टेम्स नदीखालचे भुयार खुले झाले. १८४४ मध्ये ट्राफल्गार चौक जनतेला मिळाला. आणि १८५१ मध्ये हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड प्रासादात जगाचे प्रदर्शन भरले. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत जे लंडन आपल्याला दाखवले जाते, त्याचा फार मोठा भाग सातारच्या एका माणसाच्या डोळ्यांदेखत, तो न्यायाची वाट पाहत असताना, उभा राहिला.

सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांतून आता कितीतरी कुटुंबे लंडनला जातात; कोणी मुलाच्या पदवीदान समारंभासाठी, कोणी युरोपच्या सहलीचा पहिला मुक्काम म्हणून. हाताशी तीन-चार दिवस असतात आणि एवढ्या अवधीत या महानगराचे काय पाहावे, हा प्रश्न पडतो. माझे प्रामाणिक मत असे आहे की, आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास वाटाड्या म्हणून बरोबर घेतला, तर चार दिवस पुरेसे आहेत. आणि तो घरी ठेवून गेलो, तर चार आठवडेही अपुरे पडतील.

दाव्याची हकीकत

प्रवासाला निघण्यापूर्वी दावा समजून घेतला पाहिजे. पेशवाईच्या अस्तानंतर, २५ सप्टेंबर १८१९ च्या तहनाम्याने, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांचे सातारचे राज्य मान्य केले. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा यांत लक्ष घालणारा हा कर्तबगार राजा कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना पुढे डोईजड वाटू लागला. त्याच्यावर कटाचे आरोप ठेवण्यात आले आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्याला गादीवरून दूर करून काशीला पाठवण्यात आले. या निर्णयाविरुद्ध कंपनीच्या मालकांपुढे आणि पार्लमेंटपुढे दाद मागण्याचे काम रंगो बापूजींनी शिरावर घेतले. १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजीराजे वारले. आणि लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केले. तरीही हा वकील लंडनमध्ये १८५३ च्या अखेरपर्यंत ठाण मांडून होता. ज्या धन्याने मुखत्यारी दिली तो हयात नाही, ज्या राज्यासाठी भांडायचे ते उरले नाही, द्रव्यबळ संपले, अशा अवस्थेतही ज्याने अर्ज, विनंत्या आणि सभा सोडल्या नाहीत, त्याच्या निष्ठेला आपण अजून पुरते ओळखलेले नाही, असे मला वाटते. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहून आपले ऋण काही अंशी फेडले आहे. प्रवासाआधी ते अवश्य वाचावे.

पहिला दिवस : लेडनहॉल स्ट्रीट

पहिला दिवस शहराच्या जुन्या व्यापारी भागासाठी राखावा. लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. १८६१ मध्ये ती पाडली गेली आणि त्या जागेवर आज लॉइड्स या विमासंस्थेची, नळ आणि जिने बाहेरच्या अंगाला असलेली, १९८६ मध्ये पुरी झालेली पोलादी इमारत आहे. जुन्या कचेरीचे नखही तेथे दिसत नाही; परंतु सातारच्या माणसाने या रस्त्यावर थोडा वेळ थांबावे, कारण कंपनीच्या भागधारकांच्या ज्या सभेत सातारच्या प्रश्नावर वारंवार कडाक्याचे वादविवाद झाले, ती येथेच भरत असे. प्रतापसिंहांची बाजू मांडणाऱ्यांत गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉर्ज थॉम्पसन होता. पार्लमेंटचा सभासद जोसेफ ह्यूम होता. आणि ज्यांनी स्वतः सातारला रेसिडेंट म्हणून कारभार केला होता ते ब्रिग्ज आणि लॉडविक हेही होते. महाबळेश्वरचे लॉडविक पॉइंट आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. त्या नावाचा माणूस लंडनमध्ये आपल्या राजाच्या बाजूने बोलला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्रज तितके एका मापाचे नव्हते, आणि न्यायाची चाड असलेली माणसे सत्तेच्या पोटातही निपजतात, हा धडा या रस्त्यावर मिळतो.

येथून पायी गेल्यास टॉवर ऑफ लंडन जवळ आहे. तेथील रत्नागारात कोहिनूर आहे. सातारा खालसा झाल्यानंतर वर्षभरात, डलहौसीच्याच अमदानीत, पंजाबही खालसा झाला आणि हा हिरा विलायतेस गेला. १८५१ च्या प्रदर्शनात तो पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती. ही दोन राज्ये एकाच धोरणाच्या लागोपाठच्या आहुती होत्या, हे ध्यानात ठेवून तो पाहिला म्हणजे नुसते डोळे दिपत नाहीत, विचारही सुरू होतो.

दुसरा दिवस : वेस्टमिन्स्टर

टॉवर हिल, वेस्टमिन्स्टर आणि साउथ केन्सिंग्टन ही तिन्ही स्थानके भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट आणि सर्कल या मार्गांवर आहेत, त्यामुळे गाडी बदलण्याची यातायात पडत नाही. पार्लमेंटची इमारत आतून पाहण्याची सोय आहे. आगाऊ नोंदणी करावी. आगीतून वाचलेले वेस्टमिन्स्टर हॉल हे अकराव्या शतकातील दालन रंगो बापूजींच्या काळीही होते, आणि त्याच्या लाकडी छताखाली उभे राहिल्यावर येथील राज्यसंस्थेच्या मुळांची खोली कळते. समोरच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा पुतळा आहे. महाबळेश्वरची वसाहत प्रतापसिंह महाराजांच्या सहकार्याने माल्कमच्या कारकिर्दीत उभी राहिली आणि महाराजांनी तिला माल्कम पेठ हे नाव दिले. ज्याच्याशी सौहार्द होते त्याच्या नावाने पेठ वसवणारा राजा, आणि दहाच वर्षांनी त्याच सरकारने पदच्युत केलेला राजा एकच होता, ही विसंगती त्या संगमरवरी पुतळ्यापुढे मन अस्वस्थ करते.

तिसरा दिवस : साउथ केन्सिंग्टन

तिसरा दिवस व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयास द्यावा. प्रवेश विनामूल्य आहे. १८५१ च्या प्रदर्शनाच्या प्रेरणेतून जन्मलेल्या या संस्थेकडे १८७९ मध्ये कंपनीच्या जुन्या संग्रहालयातील पुष्कळ वस्तू आल्या. इंग्रज शिपायावर झडप घालणारा टिपूचा लाकडी वाघ त्यांपैकीच एक. तो पूर्वी लेडनहॉल स्ट्रीटवरच ठेवलेला असे. सातारकरांचा या संग्रहालयाशी आणखी निकटचा संबंध आहे. सातारचा पहिला रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता जेम्स ग्रँट डफ याच्याकडे असलेली वाघनखे त्याच्या घराण्याकडून येथे आली. ती शिवछत्रपतींचीच, असे निर्विवाद सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालय सांगते. तरी २०२४ च्या जुलैमध्ये ती काही काळासाठी सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. पुराव्याविषयीचा हा सावधपणा आपल्याला रुचो वा न रुचो, त्याची सवय मात्र लावून घेतली पाहिजे. कारण प्रतापसिंहांवर अन्याय झाला तो खोट्या कागदांमुळे आणि अपुऱ्या चौकशीमुळेच, हे त्यांच्या वकिलाचे मुख्य म्हणणे होते.

चौथा दिवस : विद्या आणि नाट्य

सातारच्या जुन्या राजवाड्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तोच विद्यार्थी पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाला आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जेथे राहिले ते प्रिमरोझ हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने घेऊन तेथे स्मारक केले आहे. चॉक फार्म स्थानकावर उतरून तेथे चालत जाता येते. उघडण्याच्या वेळा आधी पाहाव्यात. एका राजाचा वकील जेथे दाद मागून थकला, तेथूनच त्या राजाच्या नावाच्या शाळेचा विद्यार्थी कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे शस्त्र घेऊन परतला. सातारच्या मुलांना लंडन दाखवायचे असेल तर प्रथम हे घर दाखवावे.

संध्याकाळ सांगलीकरांच्या हक्काची. १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नाट्यगृहांचा नवा कायदा होऊन, गद्य नाटके करण्याची ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या सनदी रंगभूमींची मक्तेदारी संपली. दोन दूरच्या गावी रंगभूमीचे दार एकाच वर्षी अधिक रुंद झाले. १८१२ मध्ये बांधलेले ड्रुरी लेनचे नाट्यगृह आजही चालू आहे. उन्हाळ्यात गेल्यास नदीकाठच्या ग्लोबमध्ये उघड्या आकाशाखाली शेक्सपिअरचे नाटक पाहावे. ‘ऑथेल्लो’चा प्रयोग मिळाला, तर हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचेच ‘झुंझारराव’ केले, हे मुलांना आवर्जून सांगावे.

पाहण्याचा अधिकार

रंगो बापूजी हरले. स्वदेशी परतल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत ते सामील झाले. कट फुटला, ते अदृश्य झाले आणि त्यांचे पुत्र सीताराम यांना सातारच्या गेंडा माळावर इतरांसह देहान्त शासन झाले. म्हणून लंडनच्या प्रवासाची सुरुवात सातारच्याच चारभिंतीच्या हुतात्मा स्मारकापासून व्हावी, असे मी आग्रहाने सुचवतो. आणि ज्या तरुणाला एक दिवस अधिक मिळेल त्याने सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत जावे. कंपनी सरकारचे आणि इंडिया ऑफिसचे दप्तर तेथे आहे, आणि वाचकपत्र विनामूल्य मिळते. निकाल लागला तरी कागद जिवंत राहतात, आणि त्यांची रुजुवात घालण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर येते. परकीय नगरीत आपण दिपून गेलेले पाहुणे म्हणून हिंडण्याचे कारण नाही, तसेच जुना राग उगाळीत हिंडण्याचेही नाही. आपण त्या शहरातील एका मोठ्या दाव्याचे वारस आहोत. वारसाला दप्तर पाहण्याचा अधिकार असतो, तो त्याने अभ्यासाने आणि ताठ मानेने बजावावा.