आठ हजार फोटोंचा एक किडा

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २०१६ साली लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. किडे नखाएवढे, फोटो भिंतीएवढे. पायांवरची लव, पाठीवरचे खळगे, सगळं लख्ख. असा एक फोटो आठ हजारांहून जास्त फ्रेम जोडून तयार होई आणि त्याला तीन-चार आठवडे लागत.

एवढा खटाटोप कशाला? दहापट मोठं दाखवणारं सूक्ष्मदर्शकाचं भिंग कॅमेऱ्याला लावलं, की एका वेळी स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. माशीच्या डोळ्यावर फोकस केला की पुढच्या मिशा पुसट होतात. साध्या मॅक्रो लेन्सचं अॅपर्चर बारीक करून थर जाड करता येतो, पण फार बारीक केलं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे अख्खा फोटोच मऊ पडतो. म्हणून कॅमेरा रेलवर बसवून कणाकणाने पुढे सरकवायचा आणि प्रत्येक थराची वेगळी फ्रेम घ्यायची. विषयाची खोली तीन मिलिमीटर आणि टप्पा सहा मायक्रॉनचा धरला तर पाचशे फ्रेम होतात. शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्यातली एखादी हलते. हौशी मंडळी हे काम रात्री करतात ते उगाच नाही.

यापुढचं काम, म्हणजे या फ्रेमचा एकच फोटो करणं (स्टॅकिंग), सॉफ्टवेअरचं. युक्रेनमधल्या खार्किव्हचं हेलिकॉन फोकस आणि अमेरिकेतल्या रिक लिटलफील्ड यांचं झेरीन स्टॅकर ही त्यातली मातब्बर नावं. फोटोशॉपलाही हे २००८ पासून जमतं, पण मिशा-केसांच्या जंजाळात त्याची दमछाक होते.

झेरीन आधी सगळ्या फ्रेम एकमेकींवर नीट बसवतं, कारण कॅमेरा पुढे सरकला की चित्राचा आकारही किंचित बदलतो. मग प्रत्येक ठिकाणी सर्वांत रेखीव भाग कोणत्या फ्रेममध्ये आहे ते शोधतं. त्याच्या दोन पद्धती आहेत. डीमॅप खोलीचा नकाशा बनवतं. रंग आणि गुळगुळीत पोत छान राखतं, पण केस डोळ्यावरून आडवा गेला की त्याच्या कडेला धुरकट वलय सोडतं. पीमॅक्स केसांचं जाळं बिनचूक सोडवतं, मात्र कॉन्ट्रास्ट वाढवतं आणि नॉइजही उचलून धरतं. जाणकार दोन्ही निकाल काढतात, डीमॅपचं चित्र पायाला ठेवतात आणि केस तेवढे पीमॅक्समधून ब्रशने रंगवून घेतात.

हे रिटचिंग कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते खरी छायाचित्रकारी इथेच आहे. सॉफ्टवेअरला माशी कळत नाही, कळतो तो फक्त उजेड-अंधारातला बारीक फरक. सेन्सरवर धुळीचा कण असेल तर तो प्रत्येक फ्रेममध्ये सारखाच रेखीव दिसतो. सॉफ्टवेअर त्यालाही किड्याचाच अवयव समजतं आणि फ्रेम जुळवताना सरकलेल्या त्या कणाची ठिपक्यांची रांग चित्रावर उमटते. मुंग्या निघाल्यासारखी! अवयव कोणता आणि धूळ कोणती, हे ठरवायला किडा निरखलेला माणूसच लागतो. स्टॅक केलेला फोटो कोणत्याही डोळ्याने एका क्षणी पाहिलेला नसतो, म्हणून तो खोटा म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची मधमाश्यांवर काम करणारी प्रयोगशाळा असेच स्टॅक केलेले फोटो सर्वांसाठी खुले ठेवते. मधमाशी ओळखायला सगळे अवयव एकाच चित्रात स्पष्ट दिसणं सोयीचंच.

जिवंत विषयावर मात्र हे तंत्र हात टेकतं. कासच्या पठारावरचं फूल वाऱ्यात दोन फ्रेमसुद्धा स्थिर राहत नाही. २०१७ च्या निकॉन डी८५० सारखे कॅमेरे फोकस आपोआप सरकवत तीनशेपर्यंत फ्रेम घेतात, पण वारा त्यांच्याही हातात नाही.

म्हणून नवख्याने सुरुवात घरात, मेलेल्या किड्यापासून करावी. झेरीन आणि हेलिकॉन दोन्ही महिनाभर फुकट वापरून पाहता येतात. फोटोसाठी कुणी किडे मारू नयेत किंवा फ्रिजमध्ये गारठवू नयेत. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी आपसूक मरून पडलेले असतात तेवढे पुष्कळ झाले.