स्वयंसेवकाने काय बोलावे, काय बोलू नये

औषध बाटलीत भरून दुकानात येण्यापूर्वी कोणाच्या तरी शरीरावर त्याची पारख झालेली असते. ज्यांनी आपण होऊन त्यासाठी शरीर दिले, ते संशोधनातील स्वयंसेवक. ही माणसे एकत्र जमतात, एकमेकांना अनुभव सांगतात. त्यांनी बोललेच पाहिजे. मात्र त्या बोलण्याला काही शिस्त असावी लागते. ती कोणाच्या हितासाठी, हे आज आपण पाहू.

आपल्या समोरच्याच मुंबईचे उदाहरण घ्या. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस १० तारखेला स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे निम्म्या कैद्यांना टोचली. छप्पर एक, अन्न एक. म्हणून दोन्ही गटांची तुलना करता आली. टोचणीचा अंमल सुरू झाल्यावर न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, दोघेही वाचले. कैदी आपखुशीने पुढे आले असे सांगतात. पण कुलपाआडच्या माणसाच्या 'हो'ला किती मोल द्यायचे? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचा होकार पुरा नव्हे. हे आम्हां कामगारांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आता नियम पाहू. पहिला नियम, दुसऱ्याचा आजार आपल्या तोंडून बाहेर जाऊ नये. नाव घेतले नाही म्हणजे झाले, असे नव्हे. रेवदंड्यात किंवा मुरुडात 'बंदराजवळचा, हाताने अधू असलेला तांडेल' एवढे म्हटले की साऱ्या गावाला माणूस कळतो. एका कारखान्यात एका कंत्राटी कामगाराच्या छातीच्या तपासणीचा निकाल दरवाजापाशी चारचौघांत बोलला गेला. पुढच्या महिन्यात त्याचे काम गेले. क्षयाची नुसती कुजबुज ठरलेले लग्न मोडू शकते.

दुसरा नियम, स्वतःचे सांगावे आणि स्वतःचे म्हणूनच सांगावे. 'मला चक्कर आली' ही साक्ष झाली; 'या औषधाने चक्कर येते' हा निवाडा झाला. चक्कर उन्हानेही येते, उपासानेही येते. निवाडा सर्वांच्या नोंदी एकत्र मांडल्यावरच करता येतो.

तिसरा नियम पुष्कळांना खटकतो. काही चाचण्यांत निम्म्यांना खरे औषध व निम्म्यांना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देतात. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण मनाची समजूतही बरे वाटायला लावते. स्वयंसेवकांनी आपापसांत लक्षणे ताडून 'तुला खरे, मला खोटे' असा हिशेब मांडला, तर तराजूवर बोट ठेवल्यासारखे होते आणि सर्वांचे श्रम वाया जातात.

चौथा नियम, कोणाला 'गोळी सोड' किंवा 'दुप्पट घे' असा सल्ला देऊ नये. त्रास झाला तर मंडळात चर्चा करण्याआधी संशोधनाच्या डॉक्टरांना कळवावे. गंभीर इजा झाल्यापासून २४ तासांत डॉक्टरांनी ती वर कळवली पाहिजे, असे भारतातील २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम सांगतात. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाईची तरतूदही त्यांत आहे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, 'म्हणजे गप्प बसा, एवढेच ना?' मुळीच नाही. शिस्त आणि मुस्कटदाबी यांतला फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. जो नियम दुबळ्याची अब्रू राखतो, तो पाळावा. जो नियम सांगणाऱ्याची चूक झाकतो, तो मानू नये. संमतिपत्र आपल्या भाषेत मागणे, ते घरी नेऊन चारचौघांना विचारणे, कारण न देता केव्हाही बाहेर पडणे आणि त्रासाची तक्रार करणे, या हक्कांवर कोणत्याही मंडळाला बंदी घालता येत नाही. डॉक्टर ऐकत नसतील, तर संमतिपत्रावर नीतिसमितीचा पत्ता असतो; तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.

आमच्या किनाऱ्यावरचा कोळी, आगरी, गोदीतला हमाल उद्या अशा कामी पुढे आला, तर त्याने सही करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: माझे गुपित कोण राखणार, आणि माझी तक्रार कोण ऐकणार? दोन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तरच सहीसाठी हात पुढे करावा.