सुट्या पानांची सूची

ग्रंथ जतन करावेत हें कोणाला सांगावें लागत नाहीं. भक्कम बांधणी, पाठीवर छापलेलें नांव आणि कपाटांतली ठरलेली जागा यांच्या बळावर ग्रंथ आपलें रक्षण थोडेंबहुत आपणच करतो. परंतु छापखान्यांतून ग्रंथांखेरीज दुसरेंही पुष्कळ बाहेर पडत असतें. लग्नांत वांटलेले मंगलाष्टकांचे कागद, नाटकगृहाच्या दारांत विकलीं जाणारीं पदांचीं पुस्तकें, गणेशोत्सवांतील मेळ्यांचीं गाणीं, संक्रांतीला तिळगुळाबरोबर पाठविलेलीं शुभेच्छापत्रें, हा सर्व सुटा माल होय. त्याला बांधणी नाहीं, म्हणून कपाटांत जागाही नाहीं. प्रसंग सरला कीं त्याची रवानगी रद्दींत होते. अशा पानांचा संग्रह कसा करावा, आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे त्यांची सूची कशी करावी, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या कामाचा जुना आणि उत्तम दाखला इंग्लंडांत सांपडतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत तेथें रस्त्यावर गाणीं विकण्याचा मोठा धंदा चाले. कागदाच्या एकाच बाजूस गाणें, वर एखादें लांकडी ठशाचें चित्र, आणि चाल म्हणून लोकांच्या ओळखीच्या दुसऱ्या गाण्याचें नांव, असें त्याचें स्वरूप असे. विकणारा तें गाऊन दाखवी आणि पेनी-अर्ध्या पेनीला देई. आरमारखात्यांतील अधिकारी आणि प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स (१६३३–१७०३) यानें असे सुमारें १,८०० कागद जमविले व विषयवार लावून त्यांचे पांच खंड बांधले. त्याच्या ग्रंथसंग्रहाबरोबर ते १७२४ सालीं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांत आले आणि आजही तेथें आहेत. त्यांतील कित्येक गाण्यांची दुसरी प्रत कोठेंही सांपडत नाहीं. एका माणसानें तीं पानें टाकून दिलीं नाहींत, एवढ्याच कारणानें तीं गाणीं उरलीं.

परंतु केवळ सांठविल्यानें काम पुरें होत नाहीं. लोकांच्या गाण्यांचें एक कुलक्षण असें कीं, एकच गाणें दहा गांवीं दहा नांवांनीं वावरतें. एक उमराव-स्त्री घरदार सोडून जिप्सींबरोबर निघून जाते, या कथेचें इंग्रजी गाणें कितीतरी निरनिराळ्या मथळ्यांखालीं छापलें गेलें आहे. मथळ्यावरून शोधूं जाल तर निम्मीं पानें हातांतून निसटतील. स्टीव्ह राउड या ग्रंथपालानें १९७० च्या सुमारास यावर सोपी तोड काढली. नांवें कितीही असोत, गाणें एक तर क्रमांक एक! वरील जिप्सींच्या गाण्याला त्यानें १ हा क्रमांक दिला. प्रथम पुठ्ठ्याच्या खोक्यांतील टिपणांवर चाललेल्या या सूचींत आज सुमारें २५,००० गाण्यांना क्रमांक मिळाले आहेत.

मी शाळामास्तर असल्यानें मला ही गोष्ट हजेरीपटासारखी वाटते. मुलगा वर्गांत बसला आहे एवढ्यानें भागत नाहीं. त्याचें नांव पटावर पाहिजे, नाहींतर तो आला काय आणि गेला काय, कोणास कळणार? आपल्या घरच्या पानांचा पट एका साध्या वहींत करतां येतो. प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा व पुढें इतक्या गोष्टी नोंदवाव्या : गाण्याचा पहिला चरण, मथळा, कर्त्याचें नांव, प्रसंग, चाल, छापखाना व त्याचें गांव, तारीख, कागदाची लांबी-रुंदी आणि तें कोणाकडून मिळालें. यांत पहिला चरण मुख्य समजावा. मथळा बदलतो, कर्त्याचें नांव अनेकदां नसतेंच. पहिला चरण मात्र सहसा टिकतो. म्हणून वहीच्या शेवटीं सर्व पहिले चरण अकारविल्हे लावावेत.

तारखेची बाब जरा नाजूक आहे. शक छापला असेल तर त्यांत ७८ मिळवावे. लग्न माघ-फाल्गुनांतलें असेल तर ७९. शके १८६७ मधील वैशाख म्हणजे १९४५ आणि फाल्गुन म्हणजे १९४६. पण नुसतें 'पार्थिव संवत्सर' एवढेंच असेल तर? संवत्सरांचें चक्र साठ वर्षांचें; तेव्हां तें पान १८८५ चें, १९४५ चें किंवा २००५ चेंही असूं शकेल. अशा वेळीं कागदालाच साक्ष विचारावी. किंमत आण्यांत असेल तर बहुधा तें १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वींचें. पत्त्यांत पिनकोड असेल तर १९७२ नंतरचें. चाल म्हणून एखाद्या बोलपटांतील पद दिलें असेल तर १८८५ आपोआप गळतें.

शुभेच्छापत्रांनाही हाच न्याय लावावा. १८४३ सालीं लंडनच्या हेन्री कोल यानें चित्रकार हॉर्सली याजकडून नाताळचें पहिलें छापील कार्ड काढविलें. सुमारें हजार प्रती निघाल्या. किंमत एक शिलिंग. चित्रांतील कुटुंबांत एक मूलही मद्य चाखत असल्यानें मद्यनिषेधकांनीं त्यावर टीका केली. त्या हजारांतलीं आज फार थोडीं उरलीं आहेत. कार्डाची नोंद करतांना चित्र व छापील मजकूर यांच्याइतकेंच मागें हातानें लिहिलेल्या दोन ओळींना महत्त्व द्यावें. छापील मजकूर हजारांचा असतो, त्या दोन ओळी मात्र एकाच माणसाच्या.

आतां जतनाविषयीं. पीप्सच्या काळचा कागद चिंध्यांचा, म्हणून तो टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा कागद आला; त्यांतील आम्लानें तो पिवळा पडून ठिसूळ होतो. अशीं पानें घडी न घालतां, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, ओल व ऊन यांपासून दूर सपाट ठेवावींत. टांचणी, चिकटपट्टी, गोंद हे त्यांचे वैरी. क्रमांक घालणें तो शिसपेन्सिलीनें, मागील कोपऱ्यांत.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १९३१ सालीं मुंबईंत झळकलेला 'आलम आरा' हा आपल्या देशांतील पहिला बोलपट. त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. चित्रपटच नाहींसा झाला म्हणजे त्याच्या गाण्यांची चौकशी करावयाची ती जुन्या छापील कागदांकडेच. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाडे मिळवून १८९१ सालीं छापले, म्हणून आपणांस ते वाचावयास मिळतात. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. पण ती ग्रंथांची सूची. आपल्या आत्याच्या लग्नांतला एकपानी कागद तींत शोधावयाचा नसतो. तीं मंगलाष्टकें घरांतल्याच एखाद्या मावशीनें किंवा आजीनें रचलेलीं असतात. तिचें दुसरें कांहींही छापलें गेलेलें नसतें. तो कागद गेला कीं तिची कविताही गेली, आणि तिनें ती रचली होती ही वार्ताही गेली.

जुने वाडे पडत आहेत, माळे रिकामे होत आहेत. माळ्यावरची पेटी रद्दीवाल्यापुढें ठेवण्यापूर्वीं एकदां उघडावी, घरांतील वडील मंडळी आहेत तोंवर त्यांना नांवें विचारून घ्यावींत आणि वहीची पहिली ओळ लिहावी. पैसा लागत नाहीं, विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यांतला एक तास पुरेसा आहे.