मुंबई–लंडन: तास किती?

मुंबईपासून लंडन किती दूर, हा प्रश्न आम्हीं तीस वर्षें वर्गांत मुलांस घातला आणि चुकणाऱ्यांस बांकावर उभें केलें. सन २०२३ च्या मार्गशीर्षांत तोच प्रश्न आमच्या घरीं आला.

आमचे वडील बंधु दुपारीं वारले. त्यांचा एकुलता मुलगा लंडनांत. ‘रात्रीं साडेनऊच्या विमानानें निघतों’ असा त्याचा निरोप आला. वहिनींनीं विचारलें, “भाऊजी, कधीं पोंचेल हो तो?” आम्हीं तत्काळ सांगितलें, “नऊ तासांचा प्रवास; सकाळीं साडेसहास मुंबईंत उतरेल.” त्या हिशेबानें गुरुजींस नऊची वेळ दिली, आप्तांस कळविलें. देह रात्रभर शीतपेटींत होता.

सकाळचे नऊ वाजले. मंडळी जमली होती. वहिनी दाराशीं बसून होत्या. मुलाचा पत्ता नाहीं. शेवटीं नातीनें मोबाइल आमच्यापुढें धरला. विमान अजून इराणावर होतें!

साडेनऊ हे लंडनच्या घड्याळाचे होते. त्या वेळीं येथें पहाटेचे तीन वाजलेले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. भागाकार साडेपांच तास. हें गणित आम्हीं मुलांकडून किती वेळां घोकून घेतलें असेल!

तिकिटावर दोन्ही शहरांच्या स्थानिक वेळा छापतात, त्यामुळें मोठा घोटाळा होतो. हिंवाळ्यांत मुंबईहून दुपारीं दोनला निघालेलें विमान तेथें सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास उतरतें. पाहणारास वाटावें, जाणें साडेचार तासांचें आणि येणें साडेचौदांचें. वस्तुतः जातांना सुमारें दहा तास लागतात, येतांना नऊ. कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. उन्हाळ्यांत इंग्रज आपलीं घड्याळें एक तास पुढें करतात, तेव्हां अंतर साडेचार तासांचेंच उरतें.

सरळ अंतर सुमारें ७२०० किलोमीटर. सरळ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून आंखलेलें नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा, तो उत्तरेकडून वळसा घेतो. विमानास तोही नेहमीं साधत नाहीं. २०२२ सालीं युक्रेनचें आकाश युद्धामुळें बंद झालें आणि वाट दक्षिणेस सरकली.

८ जून १९४८ रोजीं एअर-इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनीव्हा करीत लंडनला गेलें. त्यापूर्वीं सामान्य माणसास आगबोटच, आणि ती आठवड्यांची वाट. तेव्हां अशा प्रसंगीं परदेशीं असलेल्या मुलासाठीं थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तार जाई, आणि तो तिकडेच स्नान करी. आतां थांबतां येतें, म्हणून तास मोजावे लागतात.

विमान बाराला उतरलें. मुलगा दीडला दारांत आला. गुरुजी बिचारे तोंपर्यंत थांबले होते. वहिनींनीं आम्हांस शब्दानें दोष दिला नाहीं. मात्र तेराव्यानंतर तो परत निघाला, तेव्हां तिकडे किती वाजतां पोंचशील, हें त्यांनीं नातीस विचारलें. आम्ही शेजारींच बसलों होतों.