जमीनखरेदीचा हिशेब व अव्यक्त राशि

जमीन घेणारा बहुधा "एकरीं काय भाव?" एवढेंच विचारतो. देशावरील सपाट काळ्या रानांत हा प्रश्न एक वेळ चालेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलखांत, वांगणीसारख्या गांवीं, तो चालत नाहीं. तेथें एकाच खात्यांत खालीं भाताचें खाचर, वर उतारावर नागली-वरईचें वरकस आणि मध्यें खडकाळ पोटखराबा असा मेळ असावयाचा. या सर्वांस एकच दर लावणें म्हणजे वरकस घेऊन खाचराचे पैसे मोजणें होय.

महसुली दप्तरांत उमर घालविल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, ज्यास त्रैराशिक येतें त्यास बीजगणिताची पहिली पायरी सहज चढतां येईल. ही विद्या आपल्यास परकी नाहीं. शके 1036 मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं आपल्या 'बीजगणित' ग्रंथांत अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हटलें असून पुढील अज्ञातांस 'कालक', 'नीलक' अशीं रंगांचीं नांवें दिलीं आहेत. तेथें एक उदाहरण असें आहे: एकाजवळ सहा घोडे व 300 नाणीं, दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर 100 नाण्यांचें ऋण, दोघांची संपत्ति सारखी, तर घोड्याची किंमत काय? चार घोडे अधिक ते 400 नाण्यांबद्दल, म्हणून घोडा 100 नाण्यांचा. घोड्याच्या जागीं एकर ठेवावा.

आतां समजा (आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत), एका शिवारांत नुकतीं दोन खरेदीखतें झालीं. पहिल्यांत खाचर 2 एकर व वरकस 3 एकर, किंमत 9,00,000 रुपये. दुसऱ्यांत खाचर 1 एकर व वरकस 4 एकर, किंमत 7,00,000. खाचराचा एकरी दर 'ख' व वरकसाचा 'व' मानूं.

2ख + 3व = 9,00,000
ख + 4व = 7,00,000

दुसरें समीकरण दुप्पट केलें म्हणजे 2ख + 8व = 14,00,000. त्यांतून पहिलें वजा केल्यास 5व = 5,00,000; म्हणून व = 1,00,000 आणि ख = 3,00,000. मात्र दोन्ही खात्यांत खाचर-वरकसाचें प्रमाण एकच असेल तर कांहींच निष्पन्न होत नाहीं. मग तिसरें खातें शोधावें. किंमती दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक 2 मध्यें पाहावयास मिळतात. कागदावरील किंमत व दिलेली किंमत एक असेल तरच त्या उपयोगी, हें सांगणें नको.

विक्रीस आलेलें खातें सातबाऱ्यावर 1 हेक्टर 62 आर, म्हणजे सुमारें 4 एकर आहे (एकर म्हणजे 40.47 आर). विकणारा म्हणतो, "पहिल्या खतांत एकरी 1,80,000 पडले, तेच द्या, 7,20,000 झाले." प्रत्यक्षांत खाचर 30 गुंठे आणि वरकस 3 एकर 10 गुंठे आहे. खाचराचे 2,25,000 व वरकसाचे 3,25,000 मिळून 5,50,000 होतात. अंतर 1,70,000 रुपयांचें! एवढ्या रकमेसाठीं पुष्कळांनीं कर्जाचा दस्त लिहून दिला असेल. पोटखराबा निघाल्यास तो आधीं वजा करावा.

दुसरी चूक विसार देतांना होते. हातीं 5,85,000 आहेत, मोजणी, नकला व लेखनिक यांस 7,500 बाजूस ठेविले, उरले 5,77,500. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून उदाहरणापुरते शेंकडा 5 धरूं. खरा दर कचेरींत विचारावा. पुष्कळ लोक 5,77,500 चे शेंकडा 5 वजा करितात. तें बरोबर नव्हे, कारण शुल्क किंमतीवर असतें, थैलीवर नसतें. किंमत 'क्ष' मानल्यास क्ष + क्ष/20 = 5,77,500; म्हणजे 21क्ष = 1,15,50,000 आणि क्ष = 5,50,000.

येथेंही एक मेख आहे. ठरलेली किंमत व सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यानें निघणारें मूल्य यांत जें अधिक, त्यावर शुल्क पडतें. तक्त्याचें मूल्य 6,50,000 निघालें तर शुल्क 32,500. मग क्ष 5,45,000 च्या वर जाऊं शकत नाहीं. तक्ता न पाहतां 5,50,000 कबूल करून विसार देणाऱ्यास नोंदणीच्या दिवशीं 5,000 कोठून तरी उभे करावे लागतील.

आणि या सर्वांच्या आधीं खातेदार कोण हें पाहावें. जव्हार-मोखाडा हा आदिवासींचा मुलूख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ अन्वयें आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवांचून बिगरआदिवासीकडे जाऊं शकत नाहीं. तेथें समीकरण मांडण्याचें कारणच उरत नाहीं.