जुने घर, नवी वीज

रत्नागिरीकडच्या जुन्या जांभ्याच्या घरात वायरिंग करायचे म्हणजे सत्त्वपरीक्षाच! खिळा ठोकावा तर भिंतीचा भुगा हाती येतो. माळ्यावर उंदीर वायर कुरतडतात, लाकडी पट्टीला वाळवी लागते. बटण माजघरात दाबावे, तर दिवा पडवीत लागतो!

पण पावसाळ्यात ओल्या भिंतीचा झटका बसला की हसू पळते. जुन्या दोन तारांच्या वायरिंगला अर्थिंग बहुधा नसतेच. परवानाधारक वायरमनकडून ते आधी करून घ्या. जांभ्यात पाणी ठरत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ घालावे आणि उन्हाळ्यात पाणी ओतीत जावे. शिवाय गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे ई.एल.सी.बी. बसवा. रंग पुढल्या दिवाळीला दिला तरी चालेल!