कुसळीचा फोटो कोण काढतं?

इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला २०२४ मध्ये गवताळ माळाची सफारी सुरू झाली. चिंकारा, लांडगा पाहायला लोक पैसे मोजून येऊ लागले, हे चांगलंच झालं. पण सफारी गवताच्या नावाची आणि फोटोत गवत मागे पुसटलेलं! थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, त्यात गवतांची वर्णनं आहेत. पुढचं शतकभर हा विषय अभ्यासकांच्या कपाटातच राहिला. खरं नुकसान झालं ते २००८ ते २०१८ च्या सुमारास, कॅमेरा ज्याच्या-त्याच्या गळ्यात आला तेव्हा. २०१२ साली कासचं पठार जागतिक वारशात गेलं आणि रानफूल म्हणजे कास हे समीकरण पक्कं झालं. भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी होड्या भरू लागल्या. जवळचा माळ मात्र सरकारी दप्तरात पडीक तो पडीकच. ‘हिरवा’ करायचा म्हणून त्यावर उंदीरमारीची झाडं लावली गेली. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, ते गेलं तर हळहळणार कोण?

गवतं सगळी सारखीच दिसतात, फोटोवरून ओळखणार कशी, असं म्हणतात. लांबून काढलेल्या फोटोवरून नाहीच ओळखता येत. उत्तर युरोपातल्या जंगलांत क्लबमॉस नावाच्या बिनफुलांच्या वनस्पती आहेत, त्याही वरवर एकसारख्याच. तिथले हौशी लोक बीजाणू धरणाऱ्या शेंड्याला देठ आहे का, पानाच्या टोकाला केस आहे का, ते टिपतात आणि जात ठरवतात. आपल्या गवतांचंही तसंच. मारवेल गवताच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. कुसळी गवताची काळपट कुसळं एकमेकांत पिळून त्यांची वेणी होते, ओल लागली की पीळ सुटतो आणि टोकदार बी मातीत शिरतं. लोकरीतही शिरतं, म्हणून मेंढपाळाला कुसळी ओळखायला पुस्तक लागत नाही. दुसरा आक्षेप असा की माळासाठी पैसा प्राण्यांमुळेच येतो. येऊ दे की. पण चिंकाऱ्याला मोकळा माळ लागतो, उंदीरमारीची राई नव्हे. आणि माळ मोकळा कशाने राहतो हे नुसत्या चिंकाऱ्याच्या फोटोतून कळत नाही.

पावसाळा सरल्यावर माळावर जाल तेव्हा चिंकाऱ्याचे वीस फोटो काढा, पण एक गुडघे टेकून गवताच्या पेराचाही काढा, आणि खाली गावाचं नाव नि तारीख लिहा.